कोणतं मेर्सी?

सुधाकर गेल्याची बातमी मला त्याच्या घरून कळली नाही. ती आली एका जाहिरातीतून. मी तेव्हा मंचेरियलला लेकीकडे गेलो होतो. सकाळी चहाचा कप तोंडाला लावला आणि फोन वाजला. उघडून पाहतो तर सुधाकरचा फोटो. भोवती निळ्या-पिवळ्या फुलांची महिरप, खाली मोठ्या फ्रेंच अक्षरांत ‘मेर्सी सर’, आणि त्याच्याही खाली, त्याच्या हनुवटीपासून बोटभर अंतरावर, ‘इंटर प्रथम वर्ष प्रवेश सुरू, त्वरा करा’. खरं सांगतो, क्षणभर मला आनंद झाला. वाटलं, याला परत कामावर घेतलं! मग फोटोच्या दोन्ही बाजूंच्या समया दिसल्या...

शैलावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन त्यानंतर आला. पहाटे छातीत कळ आली, नागपूरला न्यायला गाडी काढली आणि पांढरकवड्याच्या अलीकडेच सगळं आटोपलं. म्हणजे गाडी अजून परतीच्या रस्त्यावर होती, नवऱ्याचं डोकं बाईच्या मांडीवर होतं, आणि इकडे त्याच्या हनुवटीखाली प्रवेश सुरू झालेले होते. मी उरलेला चहा मोरीत ओतून दिला. मंचेरियलहून आदिलाबादला येईपर्यंत बसमध्ये तेच चित्र मला किती जणांनी पाठवलं त्याला सुमार नाही. प्रत्येकानं खाली हात जोडलेले. एकालाही त्या प्रवेशाच्या ओळीची किळस आली नव्हती.

या कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तीही त्यांची जाहिरातच होईल. माझं औषधाचं दुकान त्यांच्या फाटकासमोर आहे एवढं सांगतो. डोकेदुखीच्या गोळ्या माझ्याकडे सगळ्यात जास्त त्या फाटकातून आलेली पोरं घेतात. सुधाकर तिथे फ्रेंच शिकवायचा. सगळं गाव त्याला ‘फ्रेंच सर’ म्हणायचं, मी मात्र शाळेपासूनचा दोस्त, म्हणून सुधाकर. तास संपला की रस्ता ओलांडून तो माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसायचा, आणि मला औषधं मोजता मोजता फुकटात फ्रेंच ऐकावं लागायचं. त्यातला एकच शब्द माझ्या डोक्यात नीट राहिला, तो म्हणजे हा मेर्सी. राहिला, कारण त्यानं तो विसरूच दिला नाही. तुम्ही त्याला ‘मेर्सी’ म्हणालात की तो चष्म्यावरून बघायचा आणि विचारायचा, “कोणतं मेर्सी?”

आता आदिलाबादच्या माणसाला फ्रेंच कुठून चिकटलं, हे विचाराल. याचं घर पिढ्यांपासून इथलं. आजोबा निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार, त्यामुळे घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि बाजारात तेलुगू, असा तीन भाषांचा संसार याच्या जन्माआधीपासून सुरू होता. हा शिकायला हैदराबादला गेला आणि फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसला, कारण त्या वर्गात कूलर होता. हे तो स्वतः सांगायचा. कूलरसाठी गेला आणि भाषेत अडकला. परत आला, बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि मग गावात ही खाजगी कॉलेजं उगवली. इंटरला, म्हणजे आमच्याकडच्या अकरावी-बारावीला, दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलं की मार्क भरभरून मिळतात, हे पालकांना कळलं, आणि सुधाकरला बोलावणं आलं. बिचारा हरखून गेला होता. त्याला वाटलं, गावाला फ्रेंच पाहिजे आहे.

शब्दाचा पहिला अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. मेर्सी म्हणजे आभार. लग्नानंतर त्यानं वहिनींना तोच सांगितला आणि तिथेच फसला. वहिनी यवतमाळकडच्या, हाताला चव अशी की कढीगोळे खावेत तर त्यांच्याच हातचे. जेवताना वहिनी गोळे वाढायला आल्या की हा म्हणायचा, “मेर्सी.” वहिनींना वाटे, आवडले, आभार मानून राह्यले. त्या आणखी दोन टाकत. हा मनात म्हणे, अहो, मी नको म्हणालो! कारण फ्रेंच माणसापुढे काही धरलं आणि तो नुसतं ‘मेर्सी’ म्हणाला तर त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असा होतो. घ्यायचं असेल तर तो दुसरं काही म्हणतो. नवी बायको, तिला तोंडावर सांगवेना, म्हणून हा गोळे गिळत राहिला आणि मग पोट धरून माझ्या दुकानात आला. मी औषध देता देता सगळी हकीकत काढून घेतली आणि तशीच्या तशी वहिनींना सांगितली. त्या म्हणाल्या, “भाऊजी, एकच शब्द, अन् तो हो बी हाये अन् नाई बी हाये? असली कशी हो भाषा?” मग घरात तह झाला. नको असेल तेव्हा सुधाकरनं मेर्सी म्हणताना ताटावर तळहात आडवा धरायचा. तो शेवटपर्यंत तसा धरत आला. पुढे वहिनीही धरायला लागल्या. आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या आणि बायकोनं लाडवाची ताटली पुढे केली की वरून तळहात आणि हसून ‘मेर्सी’.

तिसरा अर्थ त्याला बाजारात सापडला. भाजीवाली लक्ष्मीबाई कोथिंबिरीची एक जुडी वरून टाकायची. हा सवयीनं म्हणाला, “मेर्सी, बाई.” तिनं ऐकलं ‘मर्जी’. निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला तरी आमच्याकडे साहेबाची मर्जी, पटवाऱ्याची मर्जी अजून चालते. ती बिघडलीच. म्हणाली, “मर्जी कायची आली त्याच्यात? मी देऊन राह्यली न, घ्या गुमान!” सुधाकर पिशवी हातात तशीच धरून धावत दुकानात आला. तोंडावर असा आनंद, की लॉटरी लागलेल्या माणसाच्याही नसेल. मला म्हणाला, “बापू, त्या बाईनं आज माह्यं काम केलं. मेर्सी पुल्लिंगी असला तं आभार, अन् स्त्रीलिंगी असली तं दया. कोनाच्या मेर्सीवर राह्यनं म्हणजे कोनाच्या हातात सापडनं. मी पोरायले सांगाले इतके दिवस शब्द धुंडून राह्यलो, अन् तो लक्ष्मीबाईच्या टोपलीत! मर्जी! कोनाच्या मर्जीवर राह्यनं!” दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात तो शब्द मर्जी म्हणून शिकवला. पोरं खूष झाली. त्या वर्गातल्या दोघी-तिघी पोरी नंतर कितीतरी दिवस माझ्या दुकानात गोळ्या घेताना मला ‘मेर्सी अंकल’ म्हणायच्या आणि मी ‘कोणतं मेर्सी?’ म्हटलं की फिदीफिदी हसायच्या.

हे सगळं कॉलेजच्या चेअरमनला खुपायला लागलं. पोरं वर्गात हसतात, म्हणजे पाठ करत नाहीत! त्यांचा हिशेब सरळ होता. ठराविक प्रश्न, ठराविक उत्तरं, घोका आणि ओका. परीक्षेआधी हे लोक पेनांचा गठ्ठा बांधून बासरच्या देवळात सरस्वतीपुढे ठेवून आणतात. त्या देवीची मला दया येते. तिच्यापुढे पेनं ठेवायची आणि इकडे पोरांना एक वाक्य स्वतःच्या मनानं लिहू द्यायचं नाही. सुधाकरला दोनदा केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की अर्थ-बिर्थ राहू द्या, उत्तरं पाठ करून घ्या. यानं काय सांगितलं असेल? म्हणाला, “एका शब्दाचे तीन अर्थ असले तं कोणता पाठ करून घ्यावा?” चेअरमनला त्यात उर्मटपणा दिसला. मला तर त्यात सरळ विचारलेला प्रश्न दिसतो.

मग स्नेहसंमेलन आलं. समोरचा दुकानदार म्हणून मलाही पहिल्या रांगेत बसवलं होतं. चेअरमन आमच्याच भाषेचा माणूस, घरी आईशी मराठीत भांडतो, पण स्टेजवर चढला की हिंदी आणि इंग्रजी. “सर ने हमारी संस्था को बहुत कुछ दिया, हम दिल से उनका शुक्रिया अदा करते हैं,” असं म्हणून त्यानं सुधाकरच्या खांद्यावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. शाल कसली, आदिलाबादच्या डिसेंबरात तिनं एक कान झाकला नसता... नुसती चकाकणारी आणि गुळगुळीत, वर किमतीची चिठ्ठी तशीच. सुधाकर मात्र सगळ्यांकडे बघून हसला. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

सोमवारी तो कॉलेजात गेला आणि तासाभरात परत रस्ता ओलांडून आला. वेळापत्रकात त्याचं नाव नव्हतं. त्याच्या वर्गात भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता आणि हैदराबादहून कुणीतरी उत्तरं वाचून दाखवत होतं. कुणी त्याला ‘येऊ नका’ म्हणालं नाही, बसायला खुर्चीही दिली नाही. तो बाकावर बसला, माझ्याकडे पाणी मागितलं आणि म्हणाला, “बापू, मले नारळ भेटला.”

मी म्हटलं, “भेटला न परवा, स्टेजवर. मी टाळ्या वाजवल्या.”

“परवा हातात भेटला. आज समजला.”

मग तो हसायला लागला. हसता हसता त्यानं मला चौथा अर्थ सांगितला. मेर्सीवरून फ्रेंचमध्ये एक क्रियापद होतं, त्याचा अर्थ आभार मानणं. पण मालकानं नोकराचे आभार मानले, असं म्हटलं की अर्थ होतो, त्याला कामावरून काढला. “आपल्यात नारळ देते, त्यायच्यात मेर्सी देते. पाय न बापू, एवढ्या लांबच्या दोन भाषा, अन् माणसाले हाकलाची तऱ्हा एकच! हे मले कोणी शिकवलंच नव्हतं.” त्याला राग नव्हता आला. त्याला शब्द जुळल्याचा आनंद झाला होता! मला मात्र संताप आला. आपल्याकडे नारळ देणं म्हणजे काय हे त्या चेअरमनला माहीत नव्हतं, यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही. मराठी घरात जन्मलेला माणूस, चारशे पोरांपुढे एका मास्तराला हसत हसत नारळ देतो आणि समोर मास्तर हसून तो घेतो. असल्या माणसाच्या हातचं पाणीही प्यायची मला शिसारी येते.

तो नारळ सुधाकरनं कधी फोडला नाही. पुढच्या खोलीत शब्दकोशांच्या फळीवर ठेवून दिला. महिने गेले, आतलं पाणी आटलं, खोबरं करवंटीपासून सुटलं आणि नारळ हलवला की आत गोटा वाजायला लागला. कुणी भेटायला आलं की सुधाकर तो त्याच्या कानाशी नेऊन वाजवायचा. वहिनी करवादायच्या, “फोडा न एकदाचा, चटणीले तरी होईन.” तो म्हणायचा, “राहू दे. हे माह्यं सर्टिफिकेट हाये.” घरी दोन पोरी शिकायला यायच्या, त्याच दुकानात येणाऱ्यांपैकी. त्या पाया पडायला वाकल्या की तो म्हणायचा, “पाया नका पडू, एक वाक्य बोलून दाखवा.” असं जेमतेम दीड वर्ष गेलं, आणि मग ती पहाट आली.

तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी कॉलेजची माणसं दारात उभी. मी तिथेच बसलो होतो. चेअरमन स्वतः आला होता, पांढरे कपडे घालून. वहिनींना म्हणाला, की सरांच्या नावानं आम्ही ‘फ्रेंच सर भाषा लॅब’ उघडतो आहोत. सरांचा चांगला मोठा फोटो द्या, दारावर लावू. शोकसभा घेऊ, तुमचा सत्कार करू, पेपरवाले येतील. लॅब म्हणजे काय तर तीच खोली, तोच टीव्ही. ज्या टीव्हीनं त्याला बाहेर काढलं त्याच्यावर आता त्याचं नाव लावायचं आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश भरायचे! मी उठून उभा राहिलो. तोंडात आलेला शब्द काही छापण्यासारखा नव्हता. पण वहिनींनी मला हातानंच बसवलं, आत गेल्या, भिंतीवरचा फोटो काढून पदरानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.

ते गेल्यावर मी भांडलो. म्हटलं, “वहिनी, काऊन दिला तुमी? तो फोटो दाखवून पोरं गोळा करतीन ते. तुमी गेल्या त्या सभेले, तं कायमचा सुधाकर त्यायच्या दारावर टांगलेला राहीन.”

त्या शांतपणे ताटल्या उचलत होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, घरी येऊन मागितलं त्यायनं. दारातल्या माणसाले काय बोलाचं? त्यायच्या दारात जाऊन बोलीन.” मला काही त्याचा अर्थ लागला नाही. मी तणतणत दुकानात आलो. संध्याकाळपर्यंत समोरच्या फाटकावर सुधाकरचा माणसाएवढा फ्लेक्स चढला. काउंटरवर मान वर केली की तो माझ्याकडे बघायचा. दोन दिवस मी मान वर केली नाही.

सभेला मी गेलो तो वहिनी एकट्या पडू नयेत म्हणून. मांडव घातला होता, समोसे तळत होते, स्पीकरवर कुठलीशी बासरी. शोकसभेत समोशाचा वास! टेबलावर सुधाकरचा फोटो, त्याला हार. चेअरमननं भाषण केलं. “सर हमारे परिवार के थे” म्हणताना त्यानं रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला, आणि फोटोवाल्यानं नीट काढला की नाही हे रुमालाआडून बघितलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग वहिनींना वर बोलावलं. चेअरमननं शाल उलगडली. तशीच शाल होती, चकाकणारी. दुसऱ्या हातात नारळ.

वहिनींनी तळहात वर केला. आडवा, ताटावर धरावा तसा, बरोबर नारळाच्या वर धरला. आणि माइकसमोर स्वच्छ म्हणाल्या, “मेर्सी.”

चेअरमनचा चेहरा उजळला. “मॅडम ने सर की भाषा में थँक्यू बोला!” तो ओरडला आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाले धावले. पण मागच्या रांगेत काहीतरी वेगळं झालं. तिथे सुधाकरकडे खरोखर शिकलेल्या पोरी बसल्या होत्या. आधी एकीच्या तोंडातून हसू फुटलं, आणि मग सगळ्याच तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेअरमन गोंधळला. त्यानं नारळ आणखी पुढे केला. तळहात तसाच. “मेर्सी,” वहिनी पुन्हा म्हणाल्या. तेव्हा मागून एक पोरगी उभी राहून मोठ्यानं म्हणाली, “सर, वो ना बोल रहे हैं. नहीं चाहिए बोल रहे हैं!”

मग टाळ्या एकेक करत थांबल्या. वहिनी टेबलाशी गेल्या, फोटोवरचा हार काढून टेबलावर नीट ठेवला, फोटो काखेत धरला. चेअरमनला आता मराठी आठवलं. तो पुटपुटला, “वहिनी, अहो लोक बघून राह्यले...” त्या त्याला म्हणाल्या, “बगू द्या. एक डाव नारळ दिला तुमी ह्यायले. घरी हाये तो. दुसरा काय करू? अन् ते फाटकावरचं बी उतरवा.” आणि पायऱ्या उतरून चालू लागल्या. मी मागोमाग. माझ्या आयुष्यात एखाद्या सभेतून उठून जाताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तरी तिटकारा गेला नाही, तो अजून आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आलाच. त्यात चेअरमन नारळ देताना दिसतो आणि वहिनींचा हात कडेला कापलेला आहे. खाली लिहिलं आहे, सत्कार स्वीकारताना. फ्लेक्स मात्र उतरला. लॅबच्या दारावर नाव आहे म्हणतात, फोटो नाही.

घरी आलो. वहिनींनी फोटो परत खिळ्याला लावला, वाकडा होता तो सरळ केला. शेजारच्या फळीवर शब्दकोश आणि त्यांच्यापुढे तो वाळका नारळ. मी उचलून कानाशी नेला. आत गोटा वाजला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं. त्या जाहिरातीनं, त्या हात जोडलेल्या चित्रांनी, त्या मांडवानं मला नुसता राग दिला होता, रडूच दिलं नव्हतं. वहिनींनी मला रडू दिलं. मग आत जाऊन चहा करून आणला आणि कप पुढे धरला. त्या बाईनं आज जे केलं त्याच्यासाठी माझ्याकडे मराठीत शब्द नव्हता, म्हणून मी म्हणालो, “मेर्सी, वहिनी.”

त्यांनी कप तसाच मागे घेतला. चष्मा नव्हता त्यांना, तरी चष्म्यावरून बघावं तशा बघत म्हणाल्या, “कोणतं मेर्सी, भाऊजी?”